वळिवड्याच्या पोलिश छावणीचे स्मरण नेमके कुठे करावे?

करवीरवासी (धागाकर्ता):

दुसऱ्या महायुद्धाच्या कोल्हापुरातल्या खुणा नुकत्याच एका दिवसात, एकट्याने फिरून पाहिल्या. त्यानंतर पक्के झालेले एक मत चर्चेसाठी मांडतो. बाहेरून येणारा माणूस आधी महावीर उद्यानातला १९९८ सालचा पोलिश स्मृतिस्तंभ पाहतो, छायाचित्र काढतो आणि पुष्कळदा तिथूनच परततो. ज्याला थोडी जास्त उत्सुकता असते तो ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश थडग्यांपर्यंत जातो. पोलिश निर्वासितांची प्रत्यक्ष छावणी जिथे होती त्या वळिवडे-गांधीनगरला मात्र क्वचितच कोणी जाते. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी, आणि छावणीतली शाळा, चर्च, दवाखाना कुठे होता हे सांगणारे फलक तिथल्या गल्ल्यांमध्ये लागायला हवेत.

१९४० साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर त्यांतली काही सुटली, इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ पासून सुमारे ५,००० जण पंचगंगेच्या काठी राहू लागले. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि वृद्धच होते, कारण हातीपायी धड असलेले पुरुष पोलिश सैन्यात दाखल झाले होते. या माणसांनी इथे पाच वर्षे संसार केला, मुलांना शिकवले, काहींनी इथेच देह ठेवला. दफनभूमीत क्रुसाखाली कोरलेले एखादे पोलिश नाव अक्षर लावून लावून वाचताना जे जाणवते, ते बागेतला स्तंभ पाहून जाणवत नाही. मग ही माणसे ज्या जमिनीवर जगली, तिथे त्यांचा मागमूसही का नसावा?

गांधीनगरकर:

आपली तळमळ खरी आहे, तरीही मला हे मान्य नाही. मागमूस नाही हे विधानही अपुरे आहे, कारण वळिवड्यात २०१९ साली पोलिश मान्यवरांच्या उपस्थितीत एक स्तंभ उभा राहिला आहे. पण माझा आक्षेप वेगळा आहे. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या आमच्या आजोबांना त्याच छावणीच्या बराकींत खोल्या मिळाल्या. कराचीकडची घरेदारे सोडून आलेल्या माणसांनी तिथे कापडाचे गठ्ठे विकायला सुरुवात केली आणि आज ज्या ठोक बाजारातून आसपासच्या जिल्ह्यांत माल जातो तो उभा केला. त्या गल्लीत ‘इथे पोलिश शाळा होती’ असा फलक लावलात, तर तो वाचणाऱ्याला वाटेल की १९४८ नंतर इथे काही घडलेच नाही. शिवाय आमची घरे ही राहती घरे आहेत. हमाल गठ्ठे उतरवत असतात, टेम्पो मागे घेताना तारांबळ उडालेली असते, आणि त्याच वेळी कोणीतरी दारासमोर उभे राहून जुन्या कौलांचे छायाचित्र घेत असते. निर्वासितांच्या पुढच्या पिढ्यांना प्रदर्शनातली वस्तू करू नये, एवढेच म्हणणे आहे.

करवीरवासी:

म्हणूनच तर फलक हवेत, असे मी म्हणेन. एकाच फलकावर १९४३ आणि १९४८ ही दोन्ही साले आणि दोन्ही निर्वासितांची हकिकत लिहावी. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन उद्ध्वस्त समाजांनी आसरा घेतला, ही गोष्ट बागेतला स्तंभ सांगू शकत नाही.

माजी सुभेदार:

दोघांच्याही बोलण्यात आपला शिपाई कुठेच नाही, याचे वाईट वाटते. पोलिश सैन्याच्या दुसऱ्या कोअरने १८ मे १९४४ रोजी इटलीतला माँते कासिनोचा मठ जिंकला. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच डोंगराखाली चौथ्या भारतीय डिव्हिजनने रक्त सांडले होते. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले आणि शिपाई नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्यातल्या बायका ज्यांच्या पत्रांची वाट पाहत होत्या, त्यांतले अनेक जण आणि आपली पोरे एकाच आघाडीवर होती. गावोगावी पहिल्या महायुद्धाच्या जुन्या दगडी पाट्यांवर ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’ एवढेच कोरलेले असते, नावेही नसतात. कोल्हापुरात युद्धस्मारकांची वाट आखायचीच असेल तर ती या पाट्यांपासून सुरू करा. पाहुण्यांचे स्मरण जरूर करावे, पण घरच्या माणसांना विसरून नव्हे.

दप्तर_अभ्यासक:

सुभेदारसाहेबांशी सहमत आहे, पण ‘आधी घरचे, मग पाहुणे’ अशी उतरंड मला पटत नाही. मला काळजी वेगळीच आहे: फलकावर मजकूर कोणता असेल? ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश निर्वासितांना आश्रय दिला’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये वारले होते. छावणी उभी राहिली तेव्हा गादीवर दत्तक बालक होते आणि कारभार रीजन्सीकडे, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीने राज्य पाहणाऱ्यांकडे होता. छावणीचा खर्च लंडनमधले परागंदा पोलिश सरकार करत होते. नवानगर (जामनगर) संस्थानच्या जामसाहेबांनी गुजरातेतल्या बालाचडीत पोलिश मुलांना स्वतः पुढाकार घेऊन आसरा दिला, ती हकिकत वेगळी आहे, आणि ती आपल्याकडे चिकटवण्याचा मोह टाळला पाहिजे. करवीरच्या जनतेने शेजारधर्म पाळला हे सांगायला खोट्या श्रेयाची गरज नाही. माजी रहिवासी म्हातारपणी परत येऊन ज्या ओढीने ही जमीन शोधत फिरले, तेवढे पुरेसे आहे.

गांधीनगरकर:

मजकूर असा तपासून लिहिला जाणार असेल आणि त्यात सिंधी निर्वासितांची हकिकत पोलिश हकिकतीइतक्याच ठळक अक्षरांत येणार असेल, तर वळिवडे रेल्वे स्थानकाबाहेर एका मोठ्या फलकाला माझा विरोध नाही. गल्ल्यांतल्या फलकांना मात्र आहे, आणि त्याबाबत निर्णय तिथे राहणाऱ्यांना विचारूनच झाला पाहिजे.

करवीरवासी:

विचारलेच पाहिजे, हे मान्य आहे. तरीही शाळेच्या जागेचा निदान एक फलक मी मागत राहीन.