मदत हवी आहे: १४ वर्षांची मांजर, भूक चांगली तरी वजन उतरतंय

देशी मांजर, मादी, नसबंदी झालेली, कायम घरातच. वजन ४.१ वरून ३.४ किलोवर आलंय, खाणं मात्र वाढलंय. पाणी जास्त पिते, वाळूत लघवीचे गोळे मोठे पडतात. पाठीचा कणा हाताला लागतो, केस राठ झालेत. उलट्या-जुलाब नाहीत. जंताचं औषध देऊन झालं, दात तपासले. रक्तातली साखर नॉर्मल, क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) १.५. टी-४ (थायरॉईडची रक्त तपासणी) अजून केलेली नाही. थायरॉईड वाढलं असेल तर किडनीचा बिघाड झाकला जातो, म्हणून या क्रिएटिनिनवर विसंबवत नाही. प्रवासात ती तोंड उघडून धापा टाकते, त्यामुळे एकाच खेपेत सगळं उरकायचंय. टी-४ सोबत लघवीची घनता, एसडीएमए (किडनीचीच आणखी एक रक्त तपासणी), ब्लड प्रेशर यांपैकी काय त्याच वेळी करून घ्यावं? आणि पुण्यात मांजरांचं बीपी कुठे मोजतात?