जांभ्याचे अंगण धुण्यासाठी जुना एचटीपी पंप जोडावा की तयार प्रेशर वॉशर घ्यावा?

चिरेबंदी (प्रश्न)
नमस्कार. आमचे घर रत्नागिरीजवळ आहे. अंगण, पायऱ्या आणि गडगा (कुंपणाची भिंत) सगळे जांभ्याचे असल्यामुळे पाऊस सरला की ऑक्टोबरात शेवाळ काढण्याचे काम दरवर्षी ठरलेलेच असते. शिवाय एक चारचाकी आणि दोन दुचाकी धुवायच्या असतात. आंब्याच्या फवारणीचा जुना एचटीपी पंप (बेल्टवर चालणारा, दट्ट्यांचा पंप) पडवीत पडून आहे. त्याचे इंजिन कामातून गेले असले तरी प्लंजर (पाणी ढकलणारे दट्टे), दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि दाब दाखवणारे गेज शाबूत आहेत, आणि १ एचपीची सिंगल फेज मोटरही घरातच आहे. म्हणजे खर्च काय तो पुल्या, बेल्ट, अँगलचा सांगाडा आणि गन एवढाच. असा जोड केल्यास १०० बारच्या (बार हे दाबाचे माप) तयार वॉशरइतके काम होईल का? नोझल बारीक केले की दाब हवा तेवढा वाढतो, असे आमचा फिटर सांगतो.

वाइंडिंगवाला
फिटरचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पंपाला लागणारी शक्ती किलोवॅटमध्ये काढायची, तर बारमधला दाब आणि दर मिनिटाचे लिटर यांच्या गुणाकाराला ६००ने भागावे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. बेल्ट आणि पंपातली घट वजा जाता त्यातले सुमारे ६०० वॅट पाण्यापर्यंत पोहोचतात असे धरू. तुमचा पंप मिनिटाला २० लिटर फेकत असेल, तर त्या शक्तीत दाब १८ बारच्या आसपासच मिळेल. तयार वॉशर १०० बार देतो, कारण तो मिनिटाला जेमतेम सहा-सात लिटर पाणी सोडतो आणि त्यासाठी दीड किलोवॅट किंवा अधिक वीज खातो. नोझल बारीक केल्यावर उरलेले पाणी बायपासमधून (परतीच्या पाइपातून) टाकीत परत जाते, पण तेही त्याच दाबापर्यंत चढवावे लागत असल्याने मोटरवरचा भार कमी न होता वाढतो. शिवाय हे पंप, त्यांचे पाइप आणि कपलिंग साधारण ३०-४० बारच्या कामासाठी असतात. त्यांच्याकडून १०० बारची अपेक्षा करणे म्हणजे पाइप फुटण्याची वाट पाहणे होय.

पुलीचा हिशेब मात्र सोपा आहे. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची असेल आणि तिची पुली ४ इंची, पंपाची ६ इंची असेल, तर पंप ९६० फेरे घेईल. पंपाच्या नेमप्लेटवर जेवढे फेरे लिहिले आहेत, त्यापुढे त्याला पळवू नये.

धुलाई_केंद्र
हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून एचटीपी कुचकामी ठरत नाही. आकडेच पाहायचे तर १८ बारला २० लिटर पाण्याच्या झोताचा एकूण रेटा सुमारे २ किलो भरतो, तर १०० बारला ६ लिटरचा दीड किलोच्याही आत राहतो. फरक एवढाच, की वॉशरचा रेटा बोटभर जागेवर एकवटतो. म्हणूनच चाकाच्या कमानीत साचलेला लाल चिखल एचटीपी भराभर ओढून नेतो. वॉशर तोच चिखल कोरत बसतो आणि वर अंगावर उडवतो. गाड्या धुण्यासाठी तुमचा जोड उत्तम चालेल, फक्त तासाला १२०० लिटर पाणी लागेल हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरात विहीर भरलेली असते, पण मे महिन्यात हा थाट परवडणार नाही.

मात्र पंप फवारणीचा आहे, त्यामुळे आधी टाकी, पाइप आणि फिल्टर साबणाच्या पाण्याने अनेकदा धुऊन काढा. जुना डिलिव्हरी पाइप औषध शोषून बसलेला असतो. तो बदललेलाच बरा.

गवंडीकाम
गाडीचे झाले, पण मूळ प्रश्न जांभ्याचा आहे आणि तिथे १०० बारचा मोह धरण्यातच धोका आहे. चिरा सच्छिद्र असतो. टोकदार झोत जवळून मारला की शेवाळाबरोबर चिऱ्याची तांबडी भुकटी आणि चिऱ्यांमधल्या सांध्यांतला मसालाही निघतो, आणि अशा खरवडलेल्या छिद्रांत पुढच्या पावसात शेवाळ अधिकच घट्ट धरते. पंख्यासारखा पसरट झोत देणारे नोझल लावून झोत हातभर लांब ठेवावा. त्याआधी ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी टाकून शेवाळ मरू द्यावे (विहिरीच्या आणि झाडांच्या बाजूला अजिबात नाही) आणि मग खराट्याने घासावे. एवढे केले की धुण्यासाठी १८ बार पुरे होतात. कौलांवर तर कोणताच झोत खालून वर मारू नये, पाणी थेट वाशांवर जाते.

चिरेबंदी
सर्वांचे आभार. म्हणजे दाबाच्या हव्यासाने जोड करू नये, पण पंप आणि मोटर घरचीच असल्याने या कामापुरता तो चालेल, असे मी समजतो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०पर्यंत उतरते. त्याने काही बिघडेल का?

वाइंडिंगवाला
समजलात ते बरोबर आहे. पंप आणि मोटर दोन्ही विकत आणायची असती, तर मी तयार वॉशरच घ्या म्हटले असते. व्होल्टेजचे म्हणाल, तर इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे २३०ऐवजी १८०वर तो साठ टक्क्यांच्या आसपास येतो. अशा वेळी भारासकट चालू केलेली मोटर न फिरता नुसती घुमत राहते आणि वाइंडिंग तापते. म्हणून सुरू करताना रेग्युलेटर सैल ठेवून पाणी बायपासला सोडावे आणि मोटरने फेरे पकडल्यावरच दाब चढवावा. गन बंद केल्यावर पाण्याला परत जायला वाट हवीच, तेव्हा बायपासचा पाइप कधीही बूच लावून बंद करू नका. १६ अँपियरचा सॉकेट, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर ओल्या अंगणात ही मोटर चालवूच नये. ती पडवीतच ठेवून लांब पाइप ओढावा आणि बेल्टवर जाळी बसवावी. गन कोणाच्या अंगावर, गमतीनेही, रोखू नये: सात बारचा बारीक झोतही कातडी भेदू शकतो, आणि अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे लागते.