स्वस्त पॅकेजमधून काय वगळावं

कमी बजेटच्या गिऱ्हाइकांसाठी ठाण्यात घोडबंदर रोडला गाड्यांचं डिटेलिंग (आतून-बाहेरून बारकाईने सफाई) सुरू करायचं म्हणताय, जरूर करा. पण दर उतरवताना सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर) आणि मशीन पॉलिश वगळा, धुण्याच्या दर्जात काटछाट नको. इथे बांधकामांची नि ट्रकची धूळ गाडीवर रोज बसते. ती कोरड्या फडक्याने पुसली की क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक गोल ओरखडे उठतात. सोसायट्यांमध्ये रोज सकाळी हेच चालतं, मला बघवत नाही. आधी प्रेशरच्या पाण्याने धूळ उतरवायची, मग दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. चाकांचं फडकं बॉडीला लावायचं नाही. शेवटी स्प्रे वॅक्स, तेवढं पुरतं.

पावसाळ्यात आतल्या सफाईवर जास्त भर द्या. मॅटखालचं कार्पेट ओलं राहून कुबट वास येतो आणि तो परफ्यूमने जात नाही. वेट व्हॅक्यूमने पाणी ओढून कार्पेट नीट सुकवावं लागतं, एसीचा केबिन फिल्टरही तपासावा लागतो. टॅक्सीवाल्यांना फक्त आतलं पॅकेज वेगळं द्या, तेही दुपारी, भाड्यांची गर्दी ओसरल्यावर. आणि दर बोर्डावर स्पष्ट लिहा. एसयूव्हीला जास्त घेणार असाल तर तेही.