महाराष्ट्रातील जंगले पुस्तकांतून समजून घ्यायची असतील, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : पायवाट
नमस्कार. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र पर्यटनासाठी बंद असते, आणि ते महिने वाचनात घालवावेत असा विचार आहे. ताडोबा पाहून आलो. परंतु जिप्सीतील सर्वांचे लक्ष वाघाकडेच लागलेले असल्यामुळे, तिथे कोणती झाडे आहेत हेसुद्धा मला धड सांगता येणार नाही. आधी राज्यातील अभयारण्ये वाचून समजून घ्यावीत आणि मगच पुढची भटकंती आखावी, असे वाटते. पर्यटनाच्या माहितीपुस्तिका सोडून काही सुचवावे.

प्रतिसाद : सालई
सगळे राज्य एकदम हाती घेऊ नका. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचावीत. पहिले रानात मुक्कामाला गेलेल्या लेखकाचे आहे, तर दुसरे नोकरीच्या निमित्ताने रानाशी जन्माचे नाते जडलेल्या वनाधिकाऱ्याचे. त्यामुळे जवळजवळच्या दोन जंगलांकडे पाहण्याच्या दोन निराळ्या रीती आपोआप कळतात. २०१३ पासून ही दोन्ही जंगले एकाच व्याघ्रप्रकल्पात आहेत, तेव्हा पुढे प्रत्यक्ष जाणेही सोयीचे पडेल.

प्रतिसाद : जांभा
वरील सल्ला उत्तम आहे, पण तो विदर्भापुरता झाला. सह्याद्रीसाठी ललित लेखनापेक्षा वनस्पतींची सचित्र क्षेत्रपुस्तिका अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो आणि त्यात नत्र कमी, म्हणून सीतेची आसवे ही नाजूक निळी-जांभळी फुलांची वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म जीव बारीक पिशव्यांत पकडून ती उणीव भरून काढते. हे वाचलेले असले, की माणूस तिथे गालिच्याचे फोटो काढत सुटत नाही, गुडघ्यावर बसतो. (आणि पाय कुठे ठेवतो, तेही पाहतो.) जोडीला जिल्हा गॅझेटियरमधील (म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातील) वने आणि प्राणी यांवरची प्रकरणे चाळावीत, ती रुक्ष आहेत, पण पूर्वी कुठे काय होते याचा अंदाज त्यांतून येतो.

प्रतिसाद : ऐन
जुन्या पुस्तकांतील वाटा, विश्रामगृहे आणि प्रवेशाचे नियम आज तसेच असतील असे समजू नये; ते वन विभागाकडूनच पडताळून घ्यावेत. ऋतूंसाठी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मात्र त्या-त्या महिन्यात त्या-त्या महिन्याचे प्रकरण, असेच वाचावे. आपल्या ताडोबाच्या प्रश्नाबद्दल सांगायचे, तर तिथे साग आणि बांबू प्रामुख्याने असून ऐन, मोह, तेंदू हेही भरपूर आहेत. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल दिसली, की तो ऐन. पुढच्या फेरीत गाडी पाणवठ्यावर थांबेल, तेव्हा तेवढे एक झाड शोधून पाहा.