वारसा श्रेणी 2-ब : जुन्या दगडी इमारतीभोवती नवं मुख्यालय, जोड कुठे द्यावी?

ओटा: दक्षिण मुंबईत काळ्या दगडाची दुमजली इमारत, शहराच्या वारसा यादीत 2-ब श्रेणीची. भिंती चुन्यातल्या, लोड-बेअरिंग, म्हणजे सगळा भार भिंतींवरच. तिच्या दोन बाजूंनी एल आकारात संस्थेचं पाच मजली मुख्यालय आणि एक तळघर बांधायचंय. मधल्या अंगणावर काचेचं छत येईल. छताचा भार जुन्या भिंतीवर घेता येईल का? तळघर भिंतीपासून किती लांब हवं?

ओळंबा: भार अजिबात देऊ नका. भिंत दोन हात जाड दिसते, पण बहुधा दोन्ही तोंडांना घडीव दगड आणि पोटात चुना-डबराची भर असते. वरून एका ठिकाणी वजन आलं किंवा वाऱ्याने आडवा रेटा बसला की बाहेरचं तोंड सुटतं, भिंत पोट काढते. छताला स्वतःचे खांब द्या. भिंतीशी फक्त पाणी अडवायला तांब्याचा किंवा शिशाचा पत्रा, तोही दगड न कापता दरजेत खोचलेला. दोन्ही बांधकामं वेगवेगळी हलणार, हे धरूनच जोड काढा.

खरा घात पन्हळीत होतो. जुन्या छपराचं पाणी आधी मोकळ्या अंगणात पडायचं, आता ते जोडावर येणार. माणूस आत उभा राहून साफ करू शकेल एवढी रुंद पन्हळ, दोन निचरे, आणि तुंबली तर बाहेर दिसेल असं जादा पाण्याचं तोंड हवंच. आषाढात पाला अडकला की पाणी थेट भिंतीच्या पोटात उतरतं.

चुनखडी: तळघराला ठरावीक अंतर नाही. आधी भिंतीलगत चाचणी खड्डे घेऊन पायाचा तळ शोधा. तिथून तळघराच्या बाजूला 45 अंशांत खाली रेघ ओढा. खणकाम त्या रेघेच्या आत शिरत असेल तर आधी एकमेकांत गुंतलेल्या पाइलची (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांची) भिंत, मग खणणं. पाइल ठोकायचे नाहीत, ड्रिल करून घालायचे. भरावाच्या जमिनीत पाण्याचा बेसुमार उपसा केला तर माती दबते आणि भिंत एका कोपऱ्यात खचते.

कंपनासाठी जर्मन मानक डीआयएन 4150-3 धरा: नाजूक वारसा इमारतीच्या पायाशी, 10 हर्ट्झखाली, सेकंदाला 3 मिमी. तड्यांवर तारीख घालून काचपट्ट्या चिकटवा. पट्टी तडकली की त्याच क्षणी काम थांबवा.

आणि सिमेंटने दरजा भरू देऊ नका, कृपा करून. ओल दरजेतून सुटत नाही, दगडातून सुटते आणि दगडाचे पापुद्रे निघतात.

नकाशा: परवानगी उंचीवर अडेल. मुंबईच्या विकास नियमावलीत, म्हणजे डीसीपीआर 2034 मध्ये, नियम 52 नुसार 2-ब ला आवारात नवी इमारत काही परिस्थितीत चालते, पण उंची आणि दर्शनी भाग जुन्याशी जुळायला हवा. दुमजलीला खेटून पाच मजले वारसा समितीपुढे टिकणं अवघड. जुन्याशेजारी दोन मजले आणि मागे सरकून उरलेले, असं करून बघा.

ब्रुसेल्समधली युरोपा इमारत, म्हणजे युरोपीय परिषदेचं मुख्यालय, अभ्यासा. तिथे एल जुना आहे: मिशेल पोलाकने 1920 च्या दशकात बांधलेल्या रेसिडेन्स पॅलेसचा भाग. फिलिप सामिन आणि सहकाऱ्यांनी नवे दर्शनी भाग जोडून त्याचा चौकोन पुरा केला, आणि सभागृहं मधल्या कंदिलाच्या आकारात बसवली. बाहेरच्या पडद्याला युरोपभरातून आणलेल्या सुमारे 3,750 जुन्या ओक चौकटी, आत दुसरी काच. जुन्या भागातही रोजचं काम चालतं. तुमच्याकडेही दगडी इमारतीला नुसतं प्रवेशदालन करू नका, वाचनालय किंवा बैठकीच्या खोल्या तिथे न्या. रोज दारं-खिडक्या उघडल्या गेल्या की गळती पहिल्याच पावसात दिसते.

ओटा: छत स्वतंत्र खांबांवर घेतो. वरचे तीन मजले मागे सरकवून नवा छेद (इमारत उभी कापून दाखवणारा नकाशा) काढतोय. चाचणी खड्डे किती घ्यावेत?

चुनखडी: प्रत्येक बाजूला निदान एक, शिवाय जिथे तडे दिसतात तिथे. एका वेळी एकच उघडा आणि तो बुजवल्यावरच पुढचा.