बडोद्याहून कोकण किनारा : भाड्याची गाडी आणि मार्ग याबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. आम्ही दांडिया बाजारातील चौघे, सोबत बहात्तर वर्षांची आई, डिसेंबरमध्ये रेल्वेने पनवेलला उतरून तेथून स्वतः चालवायची भाड्याची गाडी घेणार आहोत आणि मुरूड, हरिहरेश्वर, गुहागर करत गणपतीपुळ्यापर्यंत जाणार आहोत.

महामार्ग ६६ ने लवकर पोहोचता येईल, पण आईला समुद्र पाहायचा आहे. म्हणून आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार ठिकाणी जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) खाडी ओलांडत किनाऱ्यानेच जावे, असे माझ्या मनात आहे. एका दिवसात किती जेटी झेपतील? अंधार पडल्यावर त्या वळणांवर गाडी चालवू नये, असे मला वाटते.

गाडीचा निर्णय अधिक अवघड आहे. मागील वर्षी दीवला घेतलेली भाड्याची गाडी इतकी उंच होती, की आईला दर वेळी प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून चढावे लागले आणि तिसऱ्या दिवशी तिचा गुडघा सुजला. बुटकी सेडान घ्यावी, तर जेटीच्या उतारावर तिचा तळ घासेल का? ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन हा प्रवास केला आहे, त्यांनी गाडी आणि मुक्कामाची गावे कृपया सुचवावीत.