मदत हवी आहे: बाळंतपणात बाळाच्या हाताला इजा, ग्राहक आयोगात दाद मागायची आहे

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. धाकट्या बहिणीची डिलिव्हरी इथल्याच एका खासगी दवाखान्यात झाली. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. बाळाचा उजवा हात आजही वर जात नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी अर्ब्स पाल्सी सांगितलं, म्हणजे मानेतून हाताकडं जाणाऱ्या नसांना इजा. फिजिओथेरपी चालू आहे, फरक मुंगीच्या पावलानं.

खांदा अडकला म्हणजे चूक झालीच असं नसतं, हे कळतंय मला. पण बहिणीला गरोदरपणात साखर होती, शेवटच्या सोनोग्राफीत वजन जास्त दिसत होतं, तरी सिझेरियनचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. खरी गोम इथंच आहे.

लेखी मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात म्हणे. आम्हाला नुसतं डिस्चार्ज कार्ड मिळालं, तेही चार खेपा घालून. पार्टोग्राफ (कळा चालू असतानाच्या प्रगतीचा तक्ता), बाळाच्या ठोक्यांचा आलेख, नर्सच्या नोंदी काहीच नाही.

ग्राहक कायद्याची मुदत २ वर्षं, त्यातले १४ महिने गेले. बावड्याच्या कोर्टात वकील भेटले, ते म्हणतात आधी तज्ज्ञाचं मत आणा. पण गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टराविरुद्ध लिहून देईल होय? असं मत कुणी, कुठनं मिळवलंय? उरलेले कागद आयोगामार्फत मागवता येतात का? अनुभव असेल त्यांनीच सांगा, भांडण लावणारे सल्ले घरात पुष्कळ आहेत.